उसनं बोलणं

बोलण्याआधी माणूस जो श्वास घेतो तो इतर श्वासांपेक्षा वेगळा असतो. तो झटकन आत ओढलेला असतो. पडद्यावर त्याचा बारीकसा फुगवटा उमटतो आणि लगेच मागोमाग आवाजाच्या उंच रेघा सुरू होतात. माझ्यासमोरच्या पडद्यावर फुगवटा स्पष्ट होता. त्याच्यामागे रेघा नव्हत्या. एक सपाट ओळ होती, आणि तिच्यात होडीच्या फळीवर पाणी आपटल्याची खरखर.

"पुन्हा लाव," माझ्या खुर्चीमागे उभे असलेले गुर्जर सर म्हणाले.

मी लावलं. एका पुरुषाचा सावकाश आवाज आला, "माज्या पोराची होडी खाडीच्या तोंडाशी पालशेरीच्या होडीला धडकली..." तो एवढं म्हणाला, आणि दुसऱ्या माइकवर एका बाईचा तो श्वास ऐकू आला.

"हे गेल्या वर्षीचं," मी म्हणाले. "हे त्याच्या आदल्या वर्षीचं. हे त्याच्याही आधीचं."

प्रत्येकात तो पुरुष बोलत होता. शब्द थोडेफार बदलत होते. श्वास मात्र दरवर्षी त्याच जागी होता. तो नुसता घेतलेला होता आणि मग हळूहळू सोडून दिलेला.

सर खुर्ची ओढून बसले. एरवी ते माझी थट्टा करत. "शेवडे, तू इतकी गप्प असतेस की चुकून शास्त्रज्ञ झालीस, खरं तर परदेशात एखादी वकिलात सांभाळायला हवी होतीस," असं म्हणत. त्या दिवशी ते पडद्याकडेच बघत होते.

मी भौतिकशास्त्राची. ध्वनीवर काम करत होते, म्हणून सरांनी मला आपल्या विभागात मागून घेतलं होतं. त्यांनी स्वतः उभा जन्म मुत्सद्द्यांच्या भाषेच्या अभ्यासात घातला होता. दोन राज्यं तह करायला बसतात तेव्हा कोणते शब्द उचलतात, कोणते टाळतात, कुठे मुद्दाम धूसर लिहितात, हा त्यांचा विषय. जुने तहनामे वाचता वाचता त्यांना कुणीतरी किनाऱ्यावरच्या दोन कोळीवाड्यांची रीत सांगितली, आणि सर दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी माइक घेऊन तिकडे जाऊ लागले. त्यांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तेच होतं.

पालशेरी आणि दांडेखोल ही एकाच खाडीच्या दोन काठांवरची गावं. त्यांचं भांडण झालं की दोन होड्या खाडीच्या मधोमध आणतात, एका दोराने एकमेकींना बांधतात, आणि भरतीचं पाणी स्थिर उभं राहतं तेवढ्या वेळात बोलतात. ओहोटी लागली की होड्या एकमेकींपासून ओढल्या जातात आणि दोर ताणतो. दोर ताणला की बैठक संपली. आणि बोलायचं ते स्वतःचं गाऱ्हाणं नाही. समोरच्याचं गाऱ्हाणं त्याच्या जागी उभं राहून 'मी' म्हणून बोलायचं. ते पटलं तर समोरचा म्हणतो, "माजंच." पटलं नाही तर तो गप्प बसतो. दुरुस्ती करायची नाही, काय राहिलं ते सुचवायचं नाही. याला ते उसनं बोलणं म्हणतात.

दांडेखोलच्या हाशीबायचा मुलगा हरेश अकरा वर्षांपूर्वी खाडीत बुडून गेला. तेव्हापासून दांडेखोलने आपल्या बाजूची समुद्रात जायची खोल वाट पालशेरीच्या होड्यांना बंद केली होती. ज्या घराचं माणूस गेलं त्या घराच्या तोंडूनच ती उघडायची, अशी रीत. पालशेरीचा जोमा नाखवा दरवर्षी हाशीबायचं दुःख उसनं बोलत होता. हाशीबाय दरवर्षी गप्प बसत होती.

"तिला बोलायचंय," सर शेवटी म्हणाले.

"हो."

"आणि रीत तिला बोलू देत नाही. पण काय बोलायचंय?"

"ते पडद्यावर दिसत नाही, सर. फक्त कुठे, तेवढंच दिसतं."

सरांनी कपाळ चोळलं. "आणि तीच जागा! 'खाडीच्या तोंडाशी.' शेवडे, तुला कळतंय का, हा शब्द किती हुशार आहे? तोंड म्हणजे ना यांचं पाणी ना त्यांचं. दोन गावांच्या पाण्याच्या सीमेचा वाद तसाच ठेवून दोष मात्र पदरात घेतला. असा शब्द शोधायला परराष्ट्र खात्यांना महिने लागतात. या एका शब्दाच्या जोरावर अकरा वर्षं एकही डोकं फुटलेलं नाही. मी यावर अख्खं प्रकरण लिहिलंय."

मी श्वासाकडे बघत होते.

*

आम्ही पालशेरीला पोचलो तेव्हा दुपारची ओहोटी होती. धक्क्याखाली पाणी नव्हतंच. चिखलात होड्या कुशीवर पडल्या होत्या. ज्या अरुंद वाटेने त्या एवढी वर्षं कशाबशा समुद्रात जात होत्या ती या साली गाळाने पुरती बुजली होती. आता दांडेखोलची वाट मिळाली तर मासेमारी, नाही तर नाही.

"दोन घरांनी होड्या विकाया काढल्यात," जोमा नाखवा म्हणाला. साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस, आवाज अगदी रेकॉर्डिंगमधल्यासारखाच सावकाश. "घेणार कोन? चिखलातली होडी म्हंजे म्हशीविना गोठा." मग माझ्याकडे बघून, "ही मशीनवाली बाय काय? लय बारीक हाय. सर, जेवाया घालता का नाय हिला?"

"खाते भरपूर, बोलत नाही," सर म्हणाले.

"मंग आमच्यात खपंल. आमच्याकडं बी एक हाय तसा." त्याने मान वळवली. धक्क्याच्या टोकाला एक माणूस पाय पसरून जाळं विणत बसला होता. अंगठ्यात दोरा अडकवलेला, मान खाली. "माजा धाकला भाव, बामा. गावातली सगली जाली तोच सांधतो."

"ते जात नाहीत समुद्रावर?" मी विचारलं.

"नाय," जोमा म्हणाला, आणि विषय तिथेच ठेवला.

चहा आला. जोमाने सरांना विचारलं, "उद्या बोलाया काय बदलू, सांगा. तुमी एवढ्या देशांची भांडनं वाचलीत. गेल्या साली मी बोल्लो, चूक समदी पालशेरीची. त्याच्या आदल्या साली भरपाई बोल्लो. माफी तर दर साली. आता आनि काय देऊ? डोकं कापून देऊ?"

"तुमचं बोलणं उत्तम आहे, नाखवा," सर म्हणाले. ते मनापासून म्हणत होते.

"उत्तम हाय तर म्हातारी बोलत का नाय?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. येताना गाडीत यावरच आमचं बोलणं झालं होतं. अभ्यासकाने बघावं, हात घालू नये, असं सरांचं मत. मला ते पटत होतं. पण समोर तो माणूस दोन्ही तळवे उताणे करून बसला होता.

"माजा आवाज हाय ना तुमच्या पेटीत?" जोमाने मला विचारलं. "मना ऐकव. मी काय बोल्लो ते मी कदी ऐकलंच नाय."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "दाखव, शेवडे. बोलणं त्याचंच आहे."

मी लॅपटॉप उघडला. जोमा आपलाच आवाज ऐकून आधी हसला. "बामा, आयक रे, मी म्हशीवानी बोलतंय!" बामाने वर पाहिलं नाही. मग तो श्वास आला. मी तिथे बोट ठेवलं.

"या हाशीबाय. इथे त्या श्वास घेतात. बोलायला घेतात तसा. आणि सोडून देतात."

"एकदाच?"

"दरवर्षी. याच जागी."

मी त्याला एकेक वर्ष ऐकवलं. तो पडद्याजवळ सरकला. त्याचं हसू हळूहळू कमी होत गेलं आणि शेवटच्या वर्षापाशी ते उरलंच नव्हतं. मला वाटलं, त्याला प्रश्न पडलाय. पण प्रश्न पडलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

धक्क्याच्या टोकाला बामाचे हात थांबले होते.

"यात तिने सुचवलं असं होतं का, नाखवा?" सरांनी हळूच विचारलं. "रीत मोडते का?"

जोमाने पडद्यावरच्या फुगवट्यावर बोट टेकवलं. मग म्हणाला, "श्वास काय बोलनं हाय?"

"नाही."

"मंग रीत कुटं मोडली." तो उठला. दोन पावलं गेला आणि परत वळला. "बाय, उद्या मी जे बोलेन ते या पेटीत ऱ्हाईल?"

"राहील."

"कुनी मागितलं तर? सरकारी हापिसात? बगल्याच्या खडकाच्या आतलं पानी आमचं की दांडेखोलचं, याचा दावा चाल्लाय. त्यावर पन्नास होड्यांचं पोट हाय."

मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "तुम्ही म्हणाल तर उद्या मशीन नेत नाही."

जोमाने चिखलात पडलेल्या होड्यांकडे पाहिलं. मग बामाकडे पाहिलं. बामा उभा राहिला होता. त्याने विणायची सुई जाळ्यात खोचली आणि तो घराकडे चालू लागला.

"आना," जोमा म्हणाला. "आनि ऱ्हाऊ द्या."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरलं. दोन्ही होड्या खाडीच्या मधोमध आल्या. पालशेरीच्या होडीत जोमा, गावची चार मोठी माणसं, सर, मी, आणि सगळ्यांत मागे सुकाण्यावर बामा. तो याआधी कधी बैठकीला आला नव्हता हे मला सरांच्या भुवयांवरून कळलं.

दांडेखोलच्या होडीत हाशीबाय पुढच्या फळीवर बसली होती. लहानखुरी बाई, हिरवं लुगडं घट्ट नेसलेलं, हातात काही नाही. मी वाकून तिच्या पदराला माइक लावला तेव्हा ती म्हणाली, "नीट लाव गो. सर बोलतात, माजं गप बसनंच ते पुस्तकात लिवनार हाईत."

दोर बांधला. तो सैल पाण्यात बुडाला. पाणी थांबलं. खाडी अशी थांबते हे मला तक्त्यांवरून ठाऊक होतं. ते डोळ्यांनी पाहणं निराळं होतं. पाण्यावर तरंगणारं एक वाळकं पान कुठेच जात नव्हतं.

आधी हाशीबाय बोलली. पालशेरीचं दुःख तिने उसनं घेतलं.

"मी पालशेरी," ती म्हणाली. "माजी वाट बुजली. माज्या होड्या पाण्याबाहेर पडल्यात, मेल्या मासलीवानी. सकाली उठून मानसं धक्क्यावर जातात आनि नुसतीच परत येतात. बायकांनी टोपल्या उलट्या करून ठेवल्यात. पोरं इचारतात, बाबा, आज सुट्टी काय? बाबा बोलतो, हो. मी कुनाला सांगू? जिच्या दारात वाट हाय तिचा पोर माज्याच पायी गेला. तिच्या दारात जाऊन मी कुटल्या तोंडानं उभी ऱ्हाऊ?"

आमच्या होडीतला एक म्हातारा डोळे पुसू लागला. पालशेरीच्या एकाही माणसाने आदल्या दिवशी मला त्यांची अडचण इतकी खरी सांगितली नव्हती. जी बाई त्यांची वाट अडवून बसली होती, ती त्यांच्या ओट्यावर बसल्यासारखी बोलत होती.

"माजंच," जोमा म्हणाला.

आता त्याची पाळी. तो उभा राहिला. होडी किंचित डुलली आणि थांबली.

"मी हाशी," तो म्हणाला. "माजा पोर हरेश. त्या सांजेला वारा सुटला. समद्या होड्या परतल्या. माज्या पोराची होडी..."

मी हेडफोनमधून ऐकत होते. 'खाडीच्या तोंडाशी' इथेच येणार होतं. हाशीबायचा श्वास आत गेला.

जोमा थांबला. तोही तो श्वास ऐकत असावा असं मला वाटलं, जरी ते शक्य नव्हतं.

"माज्या पोराची होडी कुनाला धडकली नाय," तो म्हणाला.

सरांची पेन्सिल वहीवरच थांबली.

"तो धक्क्याला लागला व्हता. होडी बांधून झाली व्हती. मी त्याला जेवाया वाढत व्हते. तवा बगल्याच्या खडकाच्या आत, माज्या पान्यात, पालशेरीची होडी उलटली. ती तिथं चोरून जालं टाकून बसली व्हती." आमच्या होडीत कुणीतरी "नाखवा!" म्हणून दबक्या आवाजात ओरडलं. जोमाने मागे वळून पाहिलं नाही. "माज्या पान्यात. तोंडाशी नाय, आत. माजा पोर ताटावरनं उठला. मी बोल्ले, चोर हाईत, जाऊ दे. तो बोल्ला, आये, हाका मारतात गो. गेला. एकाला वर काढला. त्याला आपल्या होडीत घातला. दुसऱ्याला काढाया गेला, दोघं बी परत आले नाय."

जोमाने छाती भरून श्वास घेतला.

"पालशेरीचा जोमा दर साली माजी माफी मागतो. भरपाई देतो, चूक घेतो, समदं देतो. एक खडक तेवडा देत नाय. खडक द्याया लागेल म्हनून माज्या पोराला तो धडकेत मारतो. दर साली मारतो. मना माफी नको व्हती. माजा पोर कुनाच्या चुकीनं नाय मेला. तो कुनाला तरी वाचवाया गेला, आनि एक जन वाचला. तो वाचलेला मानूस रोज सकाली उठतो. माज्या पोराचं नाव घेऊन त्यानं एकदा बी हात जोडले नाय."

मागे सुकाण्यावर बामा उभा राहिला. होडी डुलली. त्याने दोन्ही हात जोडले आणि कपाळाला लावले. ती त्याची बोलायची जागा नव्हती, आणि मला वाटतं, बोलता आलंही नसतं.

माझं लक्ष दोराकडे गेलं. तो पाण्यातून अर्धा वर आला होता. त्याच्यावरून थेंब गळत होते. वाळकं पान समुद्राच्या दिशेने हलू लागलं होतं.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली होती आणि तिच्यावर दोन्ही हात. ज्या शब्दावर त्यांचं प्रकरण उभं होतं तो शब्द आज उच्चारलाच गेला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर त्याचं काहीच नव्हतं. देवळात गाभाऱ्याचं दार उघडताना उभी असलेली माणसं दिसतात, तसे ते दिसत होते.

हेडफोनमध्ये मला हाशीबायचा श्वास ऐकू येत होता. तो आत गेलेला होता, अजून सुटला नव्हता. एवढ्या वर्षांच्या रेकॉर्डिंगमध्ये तो इतका वेळ कधी थांबला नव्हता. दोर आणखी वर आला. त्याच्या मधला झोळ आता पाण्याला जेमतेम टेकत होता.

ती बामाकडे बघत होती. त्याचे हात अजून जोडलेलेच होते.

"माजंच," ती म्हणाली.

आमच्या होडीतला म्हातारा हुंदका देऊन खाली बसला. जोमा मात्र उभाच राहिला. अजून एक वाक्य बाकी होतं. ते फक्त तीच बोलू शकत होती, आणि दोरात आता वीतभर झोळ उरला होता.

हाशीबायने पदर सारखा केला. माझा माइक तिच्या बोटांना लागला. तिने तो तसाच राहू दिला आणि हात लांबवून दोराची आपल्या होडीकडची गाठ मुठीत धरली.

"वाट उगडी हाय," ती म्हणाली. "उद्या पयली होडी बामाची जाईल."